तीन इंच

गॅरेजात बटाट्याची पोती,
म्हणून डेल्फीनोने ब्लेझर अंगणात घेतली,
काँक्रीटच्या त्या तडा गेलेल्या तुकड्यावर,
आणि चाकांना विटा लावल्या.
ब्याण्णवची गाडी. त्याच्याहून वर्षभरानेच लहान.

खोक्यात निघाले बारा काळे ठोकळे,
बारा लांब बोल्ट,
आणि एक कागद : अंदाजे सहा तास.
कागदाने आमचा गंज पाहिला नव्हता.

बोल्टांना मी आदल्या रात्रीच तेल पाजलं होतं.
सकाळी परत पाजलं.
तरी पहिलाच हलेना, तेव्हा पान्याला
चार फुटी पाइप अडकवला
आणि आम्ही दोघं त्याला लोंबकळलो,
चाळिशीला टेकलेली भावंडं,
झोपाळ्यावरून भांडल्यासारखी.
कर्रर्र असा आवाज आला.
बोल्ट तुटला की सुटला
ते खाली वाकून बघेपर्यंत कळत नाही.

सातवा जागच्या जागी गरगर फिरायला लागला.
आतला नट सुटला होता.
मग मागच्या सीटखालचा गालिचा उचलून
डेल्फीनोने धडधाकट पत्र्याला भोक पाडलं.
पाडताना एक शब्द बोलला नाही.
नंतर पुष्कळ बोलला.

गाडी वर जात नाही, हे आधी समजून घ्या.
चाकं तिथेच, सांगाडा तिथेच,
आसाच्या मधला तो जड लोखंडी गोळा
जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर.
वर जातं ते नुसतं अंग,
पाठ खाजवायला कुणी सदरा उचलावा तसं.
मोठी टायरं नंतर येतील,
पैसे आले की.

जॅकवर लाकडाची फळी ठेवून मी दांडा मारत होते,
तो पलीकडे पोटावर पडून ओरडत होता :
आणखी. आणखी. थांब! आणखी.
आणि अंग सुटलं.
कारखान्यात ती फट बुजली त्यानंतर पहिल्यांदा
तिच्यातून आरपार उजेड दिसला,
पलीकडच्या कुंपणाची एक पट्टी,
लोबाटोंच्या कुत्र्याचे चार पाय.

मग वाळू पडायला लागली.
बारीक, कोरडी, टेकड्यांवरची वाळू.
बाबा आम्हाला तिकडे न्यायचे
त्या सगळ्या उन्हाळ्यांची, काँक्रीटवर छोटीशी रास.
तिच्यात पिन्योनची टरफलं,
आणि माझी एक हिरवी क्लिप
जिच्यासाठी मी डेल्फीनोला मारलं होतं.
त्याने ती उचलून पाहिली.
"माफी माग," म्हणाला.
मी ठोकळा सरकवला.

अंधार पडल्यावर गाडी सुरू केली
तर पंखा कवचाला घासून कॉफी दळायला लागला.
ते कापलं. गिअरचा दांडा तापवून वाकवला.
पेट्रोलची नळी ताणून ताणून
शेवटी नवीन आणायचं ठरवलं.
सहा तासांचा रविवार झाला,
मग पुढचा शनिवार.

दुसऱ्या रविवारी आई प्रार्थनेला निघाली,
निळा कोट, हातात काठी.
दार उघडलं, वरची मूठ धरली,
पाय उचलला.
पाय पोचला नाही.
परत उचलला.
मग तिने तो हळूच खाली ठेवला,
जणू उचललाच नव्हता.
"वारा फार आहे," म्हणाली, "तुम्ही जा."

आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून
आमच्या तीन इंचांकडे बघत राहिलो.
एवढं मोजलं होतं, नळ्या, तारा, दांडे,
तिचा नवा खुबा कुणी मोजला नव्हता.

डेल्फीनो काही न बोलता आत गेला
आणि तो चार फुटी पाइप घेऊन आला.
मधोमध कापला. ठिणग्या उडाल्या.
जोड इतका ओबडधोबड
की कुणाला दाखवू नये.
वर त्याने जुन्या पायपुसण्याचा तुकडा
तारेने बांधला.

"घसरतंय," आई म्हणाली, एक पाय ठेवून.
"घसरत नाही."
"मी सांगते ना घसरतंय."
दुसरा पाय, माझ्या खांद्यावर तिचा अख्खा भार,
आणि ती आत.

प्रार्थना केव्हाच संपली होती.
पट्टा लावून ती समोर बघत बसली,
कुंपणावरून पलीकडे.
"इथून दिसतं," म्हणाली,
"लोबाटोंनी अजून बटाटे काढले नाहीत."