पेंड

तेल निघून गेल्यावर उरते ती पेंड.
इरेसेच्या कोरड्या माळावर
जुरेमाच्या बापाने एका रात्री ती उघडी ठेवली
आणि सकाळी तिन्ही शेळ्या
पाय ताठ करून पडलेल्या.
त्याने टोपी काढली, परत घातली,
खड्डा खणायला घेतला.

गाव ओसाड, म्हणून एरंड बळी.
त्याच्या काटेरी हिरव्या बोंडांनी
पोरं गलोलीच्या लढाया खेळत.
तिच्या डाव्या भुवईत अजून एक खूण आहे.

आता साल्वादोरच्या टेकडीवर,
चार अंशांच्या थंड खोलीत, दोन स्वेटर घालून
ती त्याच बियांपाशी बसते.
बी दिसायला रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडीसारखी.
आतल्या विषाला दोन हात:
एक दार धरतो, कुणाचंही,
दुसरा आत शिरून पेशीचं स्वयंपाकघर बंद पाडतो.
तिने दार धरणारा हात कापून टाकला
(वाचायला सोपं आहे. नऊ वर्षं.)
आणि तिथे जोडलं एक प्रतिपिंड,
ज्याला एकच दार ठाऊक.

दाल्वा काचसामान धुते. ती म्हणाली,
"म्हणजे पत्ता लिहिलेलं विष."
जुरेमाने ते वहीत टिपलं, मग खोडलं.
पत्ता बरोबर असून
भलत्याच घरी पडलेली पत्रं तिने पाहिली होती.

उंदीर वाचले. बाविसातले एकोणीस.
उरलेल्या तिघांना नावं नव्हती, आकडे होते;
ते तिला पाठ आहेत.

मग एविलाझिओ आला.
वरच्या शहरातून खालच्या शहरात माणसं नेणारी लिफ्ट
एकतीस वर्षं चालवलेला.
मानेला लिंबाएवढ्या गाठी.
पहिल्या फेरीत शिरांतून पाणी झिरपलं,
अंग इतकं सुजलं की बोटातली अंगठी कापावी लागली.
बायकोने तुकडे रुमालात बांधले,
जुरेमाकडे बघितलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात गाठी विरल्या.
तो आरशासमोर कॉलरचं बटण
लावत राहिला, काढत राहिला.
"डॉक्टर, लिफ्ट खाली निघाली."

दुसरी फेरी. काहीच नाही.
गाठी परत, जागच्या जागी.
तिने त्याचं रक्त मागवलं, रात्री स्वतः तपासलं.
शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये
पिवळा रंग चढत गेला, खळग्यामागून खळगा.

त्याच्या शरीराने औषध ओळखलं होतं.
परकं म्हणून. विष म्हणून.
खोटं कुठे होतं?
अर्धं खचलेलं शरीर, तरी पहारा चोख.
त्याने प्रतिपिंडं घडवली होती,
नेमकी, घट्ट, देखणी,
तिला नऊ वर्षांत जमली नाहीत अशी.
ती हसली की काय, दाल्वाला नीट कळलं नाही.

सकाळी खुर्ची ओढून तिने त्याला सांगितलं.
"म्हणजे मीच अडवलं?"
"तुम्हीच."
तो बराच वेळ छताकडे बघत होता.
"बरं झालं. मला वाटत होतं,
मी नुसताच पडून असतो."

जूनमध्ये, संत जॉनच्या शेकोट्या
गल्लीगल्लीत पेटलेल्या, मक्याचा वास,
फटाक्यांचा धूर वॉर्डापर्यंत आलेला,
तेव्हा तो गेला.
बायकोने सही केली: उरलेलं रक्त
ठेवा, लागत असेल तर.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये तिसऱ्या कप्प्यात
त्याच्या नावाच्या अकरा कुप्या आहेत.
विषाचा चेहरा बदलायचं काम चालू आहे,
इथे एक कोपरा घासायचा, तिथे एक.
प्रत्येक नवं रूप आधी त्याच्यासमोर उभं करावं लागतं.
तो ओळखतो. पुन्हा ओळखतो.

काल सतरावं.
दाल्वाने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली.
"फिकट आहे," ती म्हणाली.
"ओळखलंय त्याने," जुरेमा म्हणाली,
"फक्त लगेच नाही."