हजेरी

सकाळी पाणी सोडायला गेलेल्या माणसाला
तळ्यात आधी बूट दिसला.
तळं कसलं, काळं प्लास्टिक अंथरलेला खड्डा,
ढोबळ्या मिरच्यांना पाजायचं खतपाणी त्यात.
मी पोचले तेव्हा वारा असा सुटला होता
की अल्मेरियाच्या त्या सपाटीवरची
मैलोन् मैल पांढरी प्लास्टिकची छपरं
एकदम श्वास घेत होती, एकदम सोडत होती.
खाली निजवलेला तेवढा घेत नव्हता.

डोक्यामागे घाव. फुप्फुसात पाणी नाही.
म्हणजे बुडला नाही, टाकला.
इथवर सोपं होतं.

खिशात कार्डाची झेरॉक्स, भिजून लिबलिबीत:
बुबाकार जाब्बी, वय एकतीस.
चेहऱ्यावरून तेवीसचाही वाटेना.
मिरच्या तोडणारे त्याला फ्लाको म्हणत, म्हणजे काटकुळा.
मालक हासिंतो म्हणाले, सार्जंटबाई,
माझ्याकडे चाळीस हात येतात,
हातांना कुठे नाव विचारत बसू?
त्यांनी कॉफी दिली.
चांगली होती. मी प्यायले.

फळ्या-पुठ्ठ्यांच्या वस्तीत दारं सताड, माणसं पसार.
चुलीवर भात रटरटत होता.
त्यांना वाटलं असणार, मी त्यांनाच न्यायला आले.
एकजण सापडला, पाय प्लास्टरमध्ये म्हणून राहिलेला.
पाहिलंस?
नाही.
ऐकलंस?
नाही.
तिथे होतास?
बाई, मी तर इथेही नाही.

काय खोटं बोलला?
साक्ष द्यायची तर आधी असावं लागतं,
आणि असण्याचीच तर त्याच्यावर नोटीस होती.
मी वहीत तारीख टाकली.
खाली काही लिहिता येईना.

मंगळवारी पॅकिंग शेडचं यंत्र म्हणालं:
बुबाकार जाब्बी, हजर, सहा वाजून चार मिनिटं.
मयतानं दुपारपर्यंत सतरा पेट्या भरल्या.
मी रांगारांगांतून चालत गेले, घामानं चष्मा धुरकटला,
शेवटच्या ओळीत एक पोरगा,
गळ्यात अस्सल कार्ड, मिशीही न फुटलेला.
कुठून आणलंस?
मुकादम रुफिनोनं दिलं. रोजचे आठ युरो भाडं.
आधीचा भाडं द्यायचा थांबला होता, म्हणे.
एवढं बोलला आणि बोलून बसलो हे त्याला कळलं.
हातातली मिरची त्यानं खाली ठेवली,
अंडं ठेवावं तशी.

ह्या एका वाक्यावर रुफिनो आत जातो.
त्याच वाक्याखाली सही केली
की हा पोरगा विमानात बसतो.
माझ्या हातात पेन होतं.
मी म्हटलं, उद्या येते.

फोन त्याच्या गादीखाली मिळाला होता.
पुराव्याच्या पिशवीतच मी तो चार्जिंगला लावायचे,
नियमात बसत नाही, पण लावायचे.
रोज साडेसातला तो टेबलावर थरथरायचा,
पडद्यावर एवढंच: ना.
आमच्या ह्या दक्षिणेत 'नादा'चं शेपूट गिळून आम्ही 'ना' म्हणतो.
ना म्हणजे काही नाही.
मी वैतागून म्हणायचे, बघा, काहीनाहीचा फोन आला.
शुक्रवारी दुभाषी फातुमाता आली, सिमकार्डं विकते ती.
तिनं पिशवीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून घेतली.
मांडिंकात ना म्हणजे आई, ती म्हणाली.

साडेसातला मी पिशवी न फोडता हिरवं बटण दाबलं.
पलीकडे बकरी ओरडली, कुणीतरी बादली आपटली,
मग एका बाईनं एकच शब्द उच्चारला, प्रश्नासारखा.
केब्बा?

मी तारखेखाली तो लिहून घेतला.
एक ब की दोन, ठाऊक नाही.
फातुमाता माझ्या तोंडाकडे बघत होती.
बाई वाट पाहत राहिली, मीही गप्प.
तिच्या बाजूचे पैसे मिनिटामिनिटानं कापले जात होते.