मचूळ

बर्गनपासून यशोधनच्या वहीत नोंदी होत्या :
बंदराकाठची फिकट, लिंबाच्या सालीची, साडेतीन.
फेरीबोटीवरची काळी, जळक्या कॉफीची, चार.
व्हॉसची आंबट, अडीच.
त्याखाली माझं अक्षर : अडीच?
कोकमावर वाढलेल्या माणसानं असं लिहू नये.

होर्निंदालच्या वर, रस्ता कंटाळून
एका गोठ्याशी संपतो,
तिथे ही वही चालली नाही.

तोरलाइव्हच्या गोठ्यात आता गाई नाहीत.
वासरू मावेल एवढं तांब्याचं भांडं आहे,
तळाशी जुनिपरच्या फांद्या अंथरलेलं पिंप,
आणि खुंटीला लाकडी कड्यांची माळ,
तिच्या खाचांत गेल्या हंगामाचं वाळलेलं यीस्ट.
मेलंच, तर वाटी घेऊन शेजारी जायचं, म्हणाला.
विरजणासारखं, मी म्हटलं.
शब्द कळला नाही त्याला, वाटी कळली.

यीस्ट घालताना ओरडायचं असतं इथे,
पोटातून, जोरात, नाहीतर ते आळसावतं.
गुरुवारी तो ओरडला तेव्हा
आम्ही ओढ्यापलीकडे तंबू ठोकत होतो.
वाटलं, कुणाचा तरी पाय मोडला.
औषधांची पिशवी घेऊन धापा टाकत चढलो
आणि आमंत्रण घेऊन उतरलो :
शनिवारी या, फेस काढायचाय.

शनिवारी अकरा माणसं, एक कुत्रा,
आणि घोड्याच्या तोंडाचे दोन कान असलेलं
एकच लाकडी वाडगं, हातोहात.
प्यायचं, थांबायचं, बोलायचं.
एइलिफ म्हणाला, तुझ्या बापाच्या हातची.
गुन्व्होर म्हणाली, नेहमीसारखी.
तिसरा, चौथा, नेहमीसारखी.
तोरलाइव्ह स्वतः पीत नव्हता,
प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होता,
परीक्षेच्या निकालाच्या फळ्याकडे बघावं तसा.

गुन्व्होर माझ्या कानाशी आली :
दोन हिवाळ्यांपूर्वीचा ताप. वास गेला तो गेलाच.
डिझेल, मासळी, कापलेलं गवत, सगळं त्याला सारखंच.
म्हणून तो विचारतो.
म्हणून आम्ही सांगतो.

वाडगं माझ्याकडे आलं.
आधी संत्र्याची साल. मग भाजलेली पोळी,
तव्यावर जरा जास्त राहिलेली.
मग मधोमध काहीच नाही.
इंग्रजी शोधलं, सापडलं नाही,
आणि तोंडातून निघून गेलं : मचूळ.

काय?
मचूळ. उन्हाळा सरताना
विहिरीच्या तळाशी उरतं ना, तसं पाणी.
यशोधननं माझ्या पायावर पाय दिला.
कुत्रासुद्धा शेपूट हलवायचा थांबला.

मसूल, तोरलाइव्ह म्हणाला. मसूल.
ळ त्याच्या जिभेला सापडेना,
पण आपला उजवा गुडघा सापडला,
त्यावर त्यानं तळहात ठेवला.
वरच्या कड्यावर चढवलं नाही यंदा, म्हणाला,
रस्त्याकडेच्याच फांद्या तोडल्या.
मग सगळ्यांकडे, एकेकाकडे :
दोन वर्षं मी तुमची तोंडं बघून बीअर करतोय.

गुन्व्होरनं वाडग्याचा घोडा बोटानं पुसला.
गेल्या वर्षीचीही, म्हणाली. जरा.
एइलिफ म्हणाला, जरा नाही.
आणि मग सगळे एकदम भांडायला लागले,
कुणाला धूर कमी, कुणाला गोड जास्त,
कुणाला १९८८ सालचं एक पिंप आठवलं,
रात्रभर असं मनमोकळं भांडण
मी त्या देशात दुसरं ऐकलं नाही.

रविवारी सहा जण कोयते घेऊन कड्यावर गेले.
यशोधनही गेला, वही माझ्याजवळ टाकून.
त्या पानावर तारीख आहे, नाव आहे,
आकड्याच्या जागी ओला गोल डाग.

खाली आम्ही दोघंच, आणि पिंपात उरलेली.
त्यानं ओतली. सांग, म्हणाला,
पहिल्यापासून, घाई नको.

संत्र्याची साल.
वाळलेली की ओली?
मी पुन्हा एक घोट घेतला.
ओली. नुकतीच सोललेली, नखात राहिलेली.
त्यानं आपल्या नखाकडे पाहिलं.
हं, म्हणाला. मग?