पाठकोऱ्या बाजूचं पान

गुरुवारी तिघे पिंगुळीला येतात,
पाठीमागं कुणी नको म्हणून
एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून.
बाबा वीणा लावतात. चित्रं मी धरते.

कागद जुना, कडेला कसर लागलेली.
बाण सोडणारा, बाण लागलेला,
दोघांचे डोळे सारखेच काढलेत:
मोठे, मिटायला विसरलेले.
हवालदार धुरी तेव्हा माडांकडे बघत बसतात.

आज पान उलटलं. युद्ध संपलेलं.
राजा गुडघाभर पाण्यात, ओंजळीत तीळ.
नदी मात्र आमच्या कर्लीसारखी,
खाजणातल्या माशांसकट.
बाबा मेलेल्यांची नावं घेत होते,
दोन्हीकडची.

"जिकलो मां ह्यो?" धुरींनी विचारलं.
"जिकलो."
"मगे रडता कित्याक?"

बाबा गप्प. हुडूकवाले काकाही.
मागच्या अंगणात कुणी नारळ सोलत होतं.

धुरी उठले. पान माझ्या हातून घेतलं,
कडा न दाबता,
आणि राजाकडे बघत म्हणाले,
"सिद्राम कोरवी. गडहिंग्लज."

बाबांनी ते नाव उचललं.
सुरात बसेना. पुन्हा घेतलं. पुन्हा.
साडेपाचची एसटी हॉर्न देऊन गेली,
कुणी उठलं नाही.