शेरा

नदीला आम्ही फेकेते-क्योरोश म्हणतो,
वरच्या अंगाला, सरहद्दीपलीकडे, ती क्रिशुल नेग्रु.
दोन्हींचा अर्थ काळी.
एवढ्या एका शब्दावर दोन देशांचं
कधी दुमत झालं नाही.

बाकी सगळ्यावर झालं.
त्यांचा शून्य काळ्या समुद्राच्या काठी रोवलेला,
आमचा बाल्टिकच्या.
म्हणजे एकाच पुलाच्या एकाच खांबाला लागलेलं
एकच पाणी
त्यांच्या वहीत वीतभर वेगळं.
घड्याळही त्यांचं तासभर पुढे.

देझ्यो काकांनी तेहतीस वर्षं पाणमापी सांभाळली.
सांगायचे, पूर्वी पुराची बातमी
आधी त्यांच्या राजधानीला जायची,
तिथून आमच्या राजधानीला, तिथून जिल्ह्याला,
आणि मग माझ्या टेबलावरच्या फोनला.
फोन वाजायचा तेव्हा
मी टेबलावर उभा असायचो.

आता पुलाखाली एक डबी आहे,
साबणाच्या वडीएवढी.
दर पंधरा मिनिटांनी खाली बघते
आणि आकडा पाठवते
इलिंकाला आणि मला, एकाच वेळी.
हे ‘एकाच वेळी’ जुळवायला आम्हाला सात महिने लागले.
पहिल्याच रात्री पडद्यावर
पाणी तिकडून निघालं पाचला
आणि इकडे पोचलं साडेचारला.
इलिंका कॅमेऱ्यासमोर हसत सुटली,
“तुमच्याकडे कामं फार लवकर होतात.”
मी म्हटलं, “तुमच्याकडून सुटायची घाई असते त्याला.”
दोघींचं जर्मन शाळेतलं, गंजलेलं.
थट्टेला पुरतं,
करारनाम्याला पुरत नाही.

रकाने ठरले चार: ठिकाण, वेळ, उंची, तापमान.
काकांच्या वहीत पाचवा होता, शेरा.
त्यात बारीक पेन्सिलीनं:
बेडूक गप्प.
पाण्याला शेणाचा वास.
आज मापलं नाही, मुलगी झाली.
सर्व्हरला यातलं काही लागत नाही.
मंत्रालयाच्या पत्रकात तर साफ नाही म्हटलंय, दोन्ही भाषांत.
आम्ही तरी ठेवला,
दोनशे अक्षरांचा,
‘राखीव’ या नावाखाली लपवून.

फेब्रुवारीत बर्फ फुटला.
रात्री दीडनंतर पडद्यावरची रेघ
सरळ धावू लागली.
सरळ रेघ नदीची नसते.
मी फोन लावला, तर इलिंका
बूट चढवून दारातच होती.
थोड्या वेळानं फोटो आला:
बॅटरीचा गोल उजेड,
खांबावर रंगवलेले आकडे, अर्धे सोललेले,
आणि पाणी नेमकं कुठवर आलंय ते दाखवायला
तिचा लाल हातमोजा.
मग उजाडेपर्यंत दर पाव तासाला
ती डबी झाली.
डोळ्यांनी वाचायची, बोटांनी टाकायची.
मी तिच्या आकड्यांतून वीत वजा करत,
तास मागे घेत
लोकांना उठवत होते,
पोती, पंप, शाळेच्या किल्ल्या.
त्या रात्री आमच्याकडे
कुणाला टेबलावर चढावं लागलं नाही.
वरच्या गावांचं मात्र मला माहीत नव्हतं.
विचारायला वेळ नव्हता,
आणि त्यासाठी रकानाही नव्हता.

सकाळी नोंदी तपासताना
एका ओळीशी थांबले.
वेळ सव्वाचार. उंची सहाशे बारा. तापमान रिकामं.
शेरा:
एक दार वाहत गेलं. निळं.
कुणाचं ते कळत नाहीये.
तिकडे दिसलं तर सांग.

पंपघराखाली, वाळुंजांच्या मुळांत अडकलं होतं.
चिखलात गुडघाभर उतरून
पाहिलं नीट, दोन्ही बाजूंनी.
मग हातमोजा दातांनी काढला
आणि तिच्या ओळीखाली
माझ्या घड्याळातली वेळ घालून लिहिलं:
पोचलं.
कडी लावलेली आहे.