तरंगता ठिपका

मी ग्रीनलंडला कधी गेले नाही.
त्याचे बाराशे डोंगर मात्र मी मोजलेत,
कोपनहेगनच्या कचेरीत, रेडिएटरशेजारच्या टेबलावर.

काम सोपं होतं, दोन डोळे लागायचे.
डाव्या भिंगाखाली एक फोटो,
उजव्याखाली वीस सेकंदांनी घेतलेला दुसरा.
मधल्या वीस सेकंदांत विमान पुढे सरकलेलं,
आणि उघड्या कॉकपिटात कुणीतरी
बोटांवर फुंकर घालत प्लेट बदललेली.

आधी डोळे चुरचुरायचे. मग एकदम
झोपमोड झाल्यासारखे डोंगर उठून बसायचे,
दऱ्या खाली जायच्या,
आणि मी खुर्चीची कड घट्ट धरायचे.

स्कोवगोर साहेब सांगायचे:
पूर्वी बलून होते, कॅमेरे बांधलेले पतंग होते,
छातीवर कॅमेरा घेऊन उडणारी कबुतरं होती;
त्यांच्या फोटोत निम्मी जागा स्वतःचाच पंख.
मग युद्धं आली
आणि वरून बघण्याला पगार सुरू झाला.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये, उम्मान्नाकच्या फ्योर्डवर,
मला एक कयाक दिसली.
कुसळाएवढी.
पाण्यावर नव्हती ती,
पाण्याच्या वर होती. हवेत.
विमान उत्तरेला जात होतं, तो माणूस दक्षिणेला वल्हवत होता,
आणि जो दोन फोटोंच्या मध्ये हलतो
तो असा अधांतरी दिसतो.

साहेब म्हणाले, चूक आहे ती, सोडून दे.
नकाशात हलणाऱ्याला जागा नसते.

मी सोडून दिलं. समुद्र निळा रंगवला, सपाट.
पण प्लेटचा नंबर
चष्म्याच्या डबीत लिहून ठेवला.

चाळीस वर्षांनी आर्नान्नुआक आली,
हिमनद्या शिकणारी, भिजल्या बुटांची पोर.
तळघरातल्या पेट्या उघडून
जुन्या काचा नव्या उपग्रहाच्या फोटोंशी जोडत होती.
तोवर माझा डावा डोळा गेला होता.
एका डोळ्याला सगळं जग टेबलासारखं दिसतं;
चहा ओतताना कप कुठे संपतो कळत नाही.

डबीतला नंबर तिला दिला.
ती भिंगावर वाकली. खूप वेळ गप्प.
मग म्हणाली,
"आमचा योकुम आजोबा त्याच बाजूला सील मारायला जायचा."
तोच असेल असं ती म्हणाली नाही.
मीही विचारलं नाही.

मग तिने मला तिचं काम समजावलं.
डावीकडे माझी हिमनदी, उजवीकडे आजची.
"बर्फाचं टोक," ती म्हणाली, "जुळतच नाही.
सारखं वर येतं, तरंगतं."

मला दिसत नव्हतं.
तरी मी भिंगावर वाकले,
आणि सवयीने दोन्ही डोळे उघडे ठेवले.