पत्र्यावरच्या रेघा

केजच्या पुढं, खडकवाडी फाट्यावर
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी वाहनं मोजते.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
दुचाकी. तीनचाकी. जीप. एस.टी. ट्रक.
ट्रॅक्टरला रकाना एकच,
मागं ट्रॉली एक असो की दोन,
ऊस असो की उसावर झोपलेली माणसं.
शेळी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला
मी 'इतर'मध्ये टाकलं.
तिनं विचारलं, काय लिहितीस गं, रेशनचं हाय का?

प्रबंधाचा विषय, अपघातप्रवण स्थळं.
ठाण्यातून उतरवून आणलेली पाच वर्षं:
मयत नऊ, गंभीर एकवीस.
कारणाच्या रकान्यात दर वेळी
त्याच वळणाचं अक्षर,
चालकाचा निष्काळजीपणा.

पंक्चरवाले इलाहीभाई दोन दिवस नुसते बघत होते.
तिसऱ्या दिवशी म्हणाले,
"तुमच्या कागदात मेलेले हायेत, मॅडम.
वाचलेले कुठं लिहिलेत?"
आणि दुकानामागं नेऊन पत्रा दाखवला.
खडूच्या रेघा, वरपासून खालपर्यंत.
टायर किंचाळलं, की एक रेघ.
"लागलं तर पोलिस येतेत, लिहितेत.
नाही लागलं तर माणूस उतरतो,
पाणी मागतो, तंबाखू मळायला जातो
तर हातातनं चुना सांडतो.
त्याचं कोण लिहिणार?"

मी मोजल्या. चारशे अकरा.
पावसानं धुतलेल्या वेगळ्या.

रात्री खोलीवर त्या वहीत उतरवल्या.
अंधारातल्या रेघेखाली त्यांनी टिंब दिलं होतं.
कारखाना चालू असतो तेवढे महिने
टिंबंच टिंबं,
ज्वारीला काणी धरावी तशी.

पुस्तक म्हणतं, समोरचं दिसल्यापासून
पाय ब्रेकवर जाईस्तोवर अडीच सेकंद धरा.
ताशी ऐंशीनं तेवढ्यात गाडी
पंचावन्न मीटर पुढं गेलेली असते.
सकाळी चढाच्या माथ्यापासून टेप लावला, दोनदा.
पंचावन्न मीटर संपले तिथं
अर्ध्या डांबरावर एक ट्रॉली उभी होती,
मागं लाल दिवा नाही,
लाल फडकंसुद्धा नाही.
हवा भरून घेत होती.

टेपचं दुसरं टोक इलाहीभाईंच्या हातात होतं.
मी आकडा वाचला नाही.
त्यांनी टोक सोडलं,
टेप धुळीतून सरसरत माझ्याकडं आला.

"दुसऱ्याच वर्षी कळलं होतं," ते म्हणाले,
"म्हणून तर रेघा मारायला लागलो.
नमाजला उभं राहिलं तरी कान रस्त्याकडं."
कॉम्प्रेसर बंद करून आले. मग म्हणाले,
"लिहा."

शिफारशींत बरंच लिहिलं.
ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या,
माथ्याआधी डांबरावर खडबडीत पट्टे,
बाजूला मुरूम टाकून थांबायला जागा.
मग पेन अडलं.
'अतिक्रमण' लिहिलं, खोडलं.
'सदर दुकान स्थलांतरित करावे.'
कुणी, कुठं, कुणाच्या पैशानं,
एवढं लिहायला पानावर जागा होती.
मी लिहिलं नाही.

दीड वर्षानं लातूरहून येताना
रात्रीच्या एस.टी.त जागी राहिले.
खडबडीत पट्टे आले नव्हते.
एक पाटी आली होती, 'वाहने सावकाश',
तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.
पत्र्याचं दुकान तिथं नव्हतं.
गावाकडच्या वाटेला, बरंच आत,
एक पिवळा बल्ब दिसला.
तिथवर कोण कशाला जाईल हवा भरायला?

माथा आला.
मी मनात मोजलं, एक, दोन, आणि अर्धं.
ड्रायव्हरनं ब्रेक दाबला नाही,
दाबण्यासारखं पुढं काही नव्हतं.
शेजारची बाई माझ्या खांद्यावर कलंडून झोपली होती,
तिला फाटा गेलेला कळलाही नाही.

तिकिटाच्या मागं मी एक रेघ ओढली.
तिला कुठला रकाना, ते अजून ठरत नाही.